सेमिस्टरमध्ये दोनच कार्यक्रम जमणार आहेत, कुठले करू?

तिसरी_रांग:
नमस्कार मंडळी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठाकडून या सेमिस्टरच्या कार्यक्रमांची यादी आली आणि ती वाचूनच दमले. माझी फक्त बुधवारची संध्याकाळ मोकळी असते, बाकी दिवस प्रॅक्टिकल आणि अर्धवेळ काम. त्यातले निम्मे बुधवार प्रोजेक्टच्या गाइडनी धरून ठेवलेत. म्हणजे हिशोबाने दोनच कार्यक्रम होतील.

बुधवारी येणारे असे आहेत: करिअर फेअर (सकाळपासून संध्याकाळपर्यंत), सीव्ही तपासून देणारं क्लिनिक, माजी विद्यार्थ्यांशी गप्पा, परीक्षेच्या ताणावरचं सत्र, सीनियर मुलं घेतात तो अभ्यासगट, आणि संदर्भ कसे द्यायचे यावर लायब्ररीचं वर्कशॉप. रेकॉर्डिंग कशाचंच मिळणार नाही.

गर्दीत मला बोलायला सुचत नाही हे आधीच सांगते. नोकरी लगेच हवी असंही नाही, पुढे शिकायचं की कसं ते ठरलेलं नाही. जाऊन आलेल्यांनी सांगा. दोनच सांगा, कृपया.

पेनाचं_टोपण:
करिअर फेअर. डोळे झाकून. माझी इंटर्नशिप तिथून लागली, पुढे तिथेच नोकरी. दार उघडायच्या वेळी हजर राहायचं आणि तो अख्खा दिवस मोकळा ठेवायचा. एक युक्ती सांगतो: जिथे काम करायची अजिबात इच्छा नाही अशा एक-दोन स्टॉलवर आधी जायचं. तिथे ततपप झालं तरी काही बिघडत नाही, आणि हव्या त्या स्टॉलवर पोचेपर्यंत जीभ सैल झालेली असते.

तिसरी_रांग:
युक्ती आवडली, पण अख्खा दिवस नाही हो जमणार. फक्त संध्याकाळ.

पेनाचं_टोपण:
एक दिवस दांडी मारा की. कोण विचारतंय.

मागचा_बाक:
दांडी मारून काय मिळणार तर कंपनीचं नाव छापलेली कापडी पिशवी. मी रांगेत उभा राहून राहून पुढे पोचलो तर समोरचा म्हणाला, वेबसाइटवर अर्ज करा. वेबसाइट मला घरी बसूनही दिसत होती.

पेनाचं_टोपण:
तुम्ही विचारलंत काय? 'जागा आहेत का' विचारलं की वेबसाइटच दाखवणार. समोरच्याला विचारायचं, तुम्ही स्वतः कुठल्या टीममध्ये आहात, गेल्या महिन्यात कशावर काम केलंत. माणूस खुलतो.

मागचा_बाक:
विचारलं. तो म्हणाला मी एचआरमध्ये आहे, गेल्या महिन्यात असेच स्टॉल लावत होतो.

वाचनमात्र:
हा हा हा. वाचतेय. मलाही हाच प्रश्न आहे, फक्त माझ्याकडे गुरुवार आहे.

निवृत्त_परीक्षक:
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नोटीस बोर्डावर कागद लागायचा, तोही वाऱ्याने उडालेला असायचा. असो. माझं मत सीव्ही क्लिनिकला. आजची मुलं चार-चार पानं लिहितात. एक पान, बस्स. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागताना पत्र लिहिलं. त्यात पूल, तोफा, वेढा फोडायच्या क्लृप्त्या असं सगळं मुद्देसूद दिलं, कारण लुदोविकोला लढाईची चिंता होती. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता. वाचणाऱ्याला काय हवंय ते आधी लिहावं, हे त्याला कोणी क्लिनिकमध्ये शिकवलं नव्हतं.

तळटीप_बहाद्दर:
काका, दुरुस्ती. ते पत्र त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं नाही आणि त्यावर तारीखही नाही. मसुदा आहे तो, कोणाकडून तरी लिहून घेतलेला. लुदोविकोला पोचला की नाही हेही पक्कं सांगता येत नाही.

निवृत्त_परीक्षक:
हस्ताक्षर कुणाचं हा मुद्दाच नाही. पुढे त्याला मिलानच्या दरबारात काम मिळालं ना?

तळटीप_बहाद्दर:
मिळालं, पण त्या पत्रामुळे मिळालं असं म्हणता येत नाही एवढंच माझं म्हणणं. आणि सीव्ही एक पानी कशासाठी? संशोधनाकडे जाणाऱ्याला दोन-तीन पानं सहज लागतात. प्रकाशनं, परिषदा कुठे कोंबायच्या?

निवृत्त_परीक्षक:
पदवीच्या मुलीची कसली प्रकाशनं!

अर्ज_वाचणारी:
मी रोज अर्ज वाचते (कुठे ते सांगत नाही), म्हणून लिहिते. पानांवरून भांडू नका. पदवी करत असाल तर एक पान पुरतं, कमी पडलं तर दुसरं घ्या, जग बुडत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पीडीएफमधला मजकूर माउसने निवडता आला पाहिजे. अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. सुंदर टेम्प्लेटमध्ये दोन कॉलम केले की त्याच्याकडे कधीकधी डावी-उजवी वाक्यं एकमेकांत मिसळून जातात. चित्र म्हणून सेव्ह केलेला सीव्ही तर हमखास गोंधळ घालतो. घरी तपासायचं असेल तर पीडीएफमधलं सगळं कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. तिथे जे दिसेल साधारण तेच त्या सॉफ्टवेअरला दिसतं.

दुसरं, 'कार्यक्रमांच्या आयोजनात सक्रिय सहभाग' या ओळीतून मला काही कळत नाही. त्याऐवजी 'विभागाच्या परिसंवादाची नोंदणी सांभाळली. तीन वेगवेगळ्या याद्या एका शीटमध्ये आणून दुबार नावं काढली' असं लिहिलंत की मी तिथे थांबते. क्लिनिकला जायचं ते यासाठी. पण रिकाम्या हाताने जाऊ नका, ज्या जागेसाठी अर्ज करायचाय तिची जाहिरात छापून न्या. नाहीतर तपासणारा फक्त फॉन्टवर बोलतो.

मागचा_बाक:
माझ्या फॉन्टवरच बोलला होता.

नवीन_पाटी:
मी सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण करिअर फेअरला नक्की जा. खूप फायदा होतो. सकाळी लवकर जा.

दिवा_मालवून:
ताणावरच्या सत्राबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी गेलो होतो. सुरुवातीला श्वास आत, श्वास बाहेर, स्लाइडवर समुद्राचा फोटो. निघणारच होतो. पण शेवटी प्रश्नोत्तरांत समुपदेशक बाईंनी कामाचं सांगितलं: आजारपण, घरातलं काही, किंवा लिहायला-वाचायला अडचण असेल तर परीक्षेत जादा वेळ किंवा सबमिशनला मुदतवाढ मागता येते, पण ती मुदत उलटायच्या आधी मागायची. नंतर कितीही खरं कारण दिलं तरी विभागाचे हात बांधलेले असतात. कागदपत्रं लागतात आणि ती जमवायला वेळ जातो. आमच्या वर्गात निम्म्यांना हे माहीतच नव्हतं.

आणि समुपदेशनाला गेलं की गाइडना कळतं, हा समज काढून टाका. तिथलं बोलणं गोपनीय असतं. जिवाला धोका वाटला तरच ते दुसऱ्या कोणाला सांगतात. नेमके नियम पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत, ते सांगतात.

तिसरी_रांग:
हे उपयोगी आहे, धन्यवाद. मुदतवाढीचे नियम विद्यार्थी कक्षाला मेल करून विचारते, त्यासाठी बुधवार घालवायला नको.

दिवा_मालवून:
अगदी बरोबर.

गटनायिका:
अभ्यासगट!!! मी स्वतः असा गट घेते, म्हणून हक्काने सांगतेय. ही पद्धत १९७३ साली अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत सुरू झाली. तिथे 'नापास होणारी मुलं' न निवडता ज्यात जास्त मुलं अडकतात असे विषय निवडले, त्यामुळे गटात यायची लाज वाटायचं कारण उरलं नाही. आमच्या गटातही टॉपर येतात. मी उत्तर सांगत नाही, प्रश्न परत गटाकडे ढकलते. पहिल्या वेळी सगळे चिडतात.

यामागे संशोधनही आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाचून 'येतंय सगळं' वाटतं ते त्या पाच मिनिटांतलं.

मागचा_बाक:
परीक्षा पाच मिनिटांनी ठेवली तर प्रश्नच मिटला.

गटनायिका:
तुम्ही कधी कुठल्या गटाला गेलात का?

मागचा_बाक:
गेलो होतो. नायिका आजारी होती. आम्ही तिघं बसून मॅच बघितली.

दूरची_ओळख:
माजी विद्यार्थ्यांच्या गप्पा सोडू नका. गर्दीत बोलायला सुचत नाही म्हणता, तर हीच जागा तुमच्यासाठी. समोरचा काही विकायला आलेला नसतो आणि स्वतःच्या जुन्या दिवसांबद्दल तोच बोलत सुटतो, तुम्ही फक्त मान डोलवायची. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की नोकरीची बातमी बहुधा जिवलग मित्रांकडून येत नाही, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून येते. कारण जिवलगांना जे माहीत ते आपल्यालाही आधीच माहीत असतं.

तळटीप_बहाद्दर:
पुरवणी जोडतो. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक लोकांवरचा अभ्यास आला. त्यात अगदीच पुसट ओळखीपेक्षा मध्यम पुसट ओळख जास्त कामी येते असं निघालं. म्हणजे एकदा हात मिळवून विसरलात तर उपयोग नाही, नंतर एखादा मेल टाकत राहावं लागतं.

दूरची_ओळख:
तेच तर म्हणतोय.

तळटीप_बहाद्दर:
तुम्ही ते म्हणाला नव्हतात.

पेनाचं_टोपण:
फेअरलाही माजी विद्यार्थी असतात, बरं का. आमच्या स्टॉलवर मीच उभा असतो आता.

वाचनमात्र:
लायब्ररीच्या वर्कशॉपबद्दल कोणी?

नवीन_पाटी:
ते सोडून द्या. झोटेरो (संदर्भ साठवून त्यांची सूची बनवून देणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, यूट्यूबवर व्हिडिओ पडलेत. अर्ध्या तासात येतं.

गटनायिका:
+१. बुधवार वाया घालवू नका त्यात.

निवृत्त_परीक्षक:
संदर्भसूची हाताने लिहिता यायला हवी. सॉफ्टवेअरवर विसंबून मुलांना स्वल्पविराम कुठे द्यायचा तेही कळेनासं झालंय. वर्कशॉपला जाऊ नये या मताला मात्र अनुमोदन.

अर्ज_वाचणारी:
मीही नाही जाणार. क्लिनिक आणि माजी विद्यार्थी, माझी जोडी ही.

तिसरी_रांग:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. मी लायब्ररीच्या वर्कशॉपला जातेय.

कारण सांगते. काल गाइडनी प्रोजेक्टचा मसुदा परत दिला. संदर्भसूचीत एका ओळीला लाल गोल आणि बाजूला लिहिलंय, 'मूळ लेख पाहिलात?' तो लेख मी दुसऱ्या लेखाच्या सूचीतून उचलला होता. शोधायला गेले तर एका ठिकाणी साल २०११, दुसऱ्या ठिकाणी २०१३, आणि पान क्रमांक दोन्हीकडे वेगळे. अशा ओळी अजून किती असतील देव जाणे. झोटेरो माझ्याकडे आहे, यूट्यूबही बघून झालं. पण चुकीची माहिती आत टाकली की ते चूकच सुबक छापून देतं. लायब्ररीला मेल केला, तर म्हणाले आपली स्वतःची सूची घेऊन या, एकेक ओळ मूळ स्रोताशी ताडून बघू. मागे घेतलेल्या शोधनिबंधांवर झोटेरो लाल पट्टी दाखवतं, तेही समजावून देणार आहेत. नाव नोंदवलेल्यांत मी धरून चौघं आहेत. चौघांत मला बोलता येतं.

सीव्हीचं नोटपॅड करून बघितलं. माझा फोन नंबर 'छंद' या सदरात गेला होता. दुरुस्त केला, अर्ज_वाचणारी यांना थँक्यू.

पेनाचं_टोपण:
आणि दुसरा बुधवार? फेअर?

तिसरी_रांग:
दुसऱ्या बुधवारी झोपणार आहे.

गटनायिका:
मग धागा काढला कशाला?

दिवा_मालवून:
झोपू द्या हो. ताणावरच्या सत्रात दुसरं काही सांगत नाहीत.

दूरची_ओळख:
माजी विद्यार्थ्यांना निदान एक मेल तरी टाका. बुधवार लागत नाही.

तिसरी_रांग:
टाकते. आमच्याच विभागातून पुढे शिकायला गेलेली एक जण यादीत दिसतेय. तिला प्रोजेक्टबद्दलच विचारेन, नोकरीबद्दल नाही.

दूरची_ओळख:
उत्तम. तीन-चार ओळींच्या वर लिहू नका आणि प्रश्न एकच विचारा.

निवृत्त_परीक्षक:
मेलसोबत सीव्ही जोडणार असाल तर एक पान.

तळटीप_बहाद्दर:
सीव्ही कशाला जोडायचा? ती प्रोजेक्टबद्दल विचारणार आहे ना!

नवीन_पाटी:
करिअर फेअरला कपडे फॉर्मल लागतात का?

मागचा_बाक:
पिशवी द्यायच्या आधी कोणी बघत नाही.