बोर्डाची अक्षरं शिरोरेषेपासूनच सुटतायत, काय चुकतंय?

नवा_प्लॉटर, लांजा

नमस्कार मंडळी. वडील पेंटर होते, त्यांच्याच गाळ्यात मी मार्चमध्ये दोन फुटी कटिंग प्लॉटर (विनाइलच्या चिकट रोलमधून अक्षरं कापणारं मशीन) टाकला. रेडियमची कामं, दुकानांचे बोर्ड, गाड्यांवरची नावं करतो. प्रिंटिंग मशीन नाही, प्रिंट रत्नागिरीहून मागवतो, एसटीने पार्सल येतं.

पहिल्याच पावसात तीन बोर्डांची अक्षरं सुटली. माल साधा नव्हता, चांगल्यातला घेतला होता. नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात आली: अक्षर खालून उचलत नाही, वर शिरोरेषेवर, दोन अक्षरांच्या सांध्यात उचलतं आणि तिथून सोलत जातं. इंग्रजी अक्षरं त्याच बोर्डावर अजून घट्ट आहेत. दोन बोर्ड फुकट करून दिले, तिसरा गिऱ्हाईक आता फोन उचलत नाही. दुसरं, दर कसा धरायचा? अक्षरांचं माप घेऊन स्क्वेअर फुटाने लावतो, पण रोल संपला की हातात काही उरत नाही.

ब्रश_ते_ब्लेड, कराड

मीही मूळचा पेंटरच, त्यामुळे एकेरीत बोलतो, राग मानू नकोस.

तू सांध्याचं निरीक्षण केलंस ना, उत्तर तिथेच आहे. तू वेल्ड करत नाहीस, म्हणजे अक्षरं जोडून एकच आकार करत नाहीस. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते, पण प्लॉटरला दिसते ती फक्त बाहेरची रेघ. तो ‘कि’ वेगळा कापतो, ‘रा’ वेगळा, ‘णा’ वेगळा, आणि त्यांची शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढते तिथे दोन उभे छेद देतो. ‘किराणा’ लिहिलंस की शिरोरेषेचे बारीक तुकडे झाले. बोर्डावर ते शेजारी शेजारी बसतात, लांबून कळतही नाही. पण पावसाचं पाणी त्या केसाएवढ्या फटीत शिरतं आणि धूळ मागोमाग जाते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यांना हा प्रश्नच नाही.

कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेव, नंतर मजकूर बदलता येणार नाही. मग कंट्रोल क्यू करून कर्व्ह कर, म्हणजे मजकुराचा नुसता आकार होतो, एकेक शब्द निवडून वेल्ड मार आणि वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या रेघा दिसतात तिथे, बघ. शिरोरेषेत एकही उभी रेघ दिसता कामा नये. मग कापल्यावर सोलताना अख्खा शब्द एका तुकड्यात हाताला येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी तो पट्टीसारखा धरून बायकोला दाखवायला घरात गेलो होतो.

हे आत्ताच नीट शिकून घे, कारण मराठी अक्षरांचं काम वाढलंय. राज्याच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही पाटी मराठीत लागते, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. गिऱ्हाईक इंग्रजी मोठं करायला सांगतं तेव्हा हे त्याला तिथेच सांग, बोर्ड पुन्हा बनवावा लागला तर खर्च त्याचाच आहे.

आता पृष्ठभाग. पत्र्याला ऑइलपेंट मारून दुसऱ्या दिवशी चिकटवतोस का? तसं असेल तर थांब. रंग वरून सुकलेला वाटतो, आतून श्वास सोडत असतो, त्याने बुडबुडे येतात. मी किमान आठवडा ठेवतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. आणि रॉकेलने पुसू नकोस, तेलकट थर राहतो. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पूस, फडका स्वच्छ घे.

दराचं सांगतो. 14 इंच उंच आणि 6 फूट लांब नाव असेल तर अक्षरांचं माप 7 स्क्वेअर फूट भरतं. पण दोन फुटी रोलमधून 6 फूट माल गेला, म्हणजे 12 स्क्वेअर फूट. तू 7 चे पैसे घेतोस आणि 12 चा माल देतोस. बिल रोलच्या हिशोबाने कर, सोलायची मजुरी वेगळी लाव. उरलेली 10 इंची पट्टी गाड्यांच्या नावांना वापर, फेकू नकोस.

नवा_प्लॉटर, लांजा

काका, आत्ता दुकान बंद करून पुन्हा उघडलं आणि तिन्ही फाइली वायरफ्रेममध्ये बघितल्या. प्रत्येक सांध्यात दोन-दोन उभ्या रेघा! पत्र्यावर अक्षरंही रंगाच्या दुसऱ्याच दिवशी चिकटवली होती. अनुस्वाराचे टिंब सोलताना कागदासोबत निघून जातात, त्याचंही सांगाल का?

ब्रश_ते_ब्लेड, कराड

ब्लेड बोथट झालंय किंवा दाब कमी आहे. कामाआधी कोपऱ्यात एक लहान चौकोन आणि गोल कापून बघ. विनाइल सुटलं पाहिजे, मागच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला पाहिजे. रेडियमच्या रिफ्लेक्टिव्ह शीटला ब्लेड वेगळं ठेव, ते लवकर झिजतं. अक्षरं बोर्डावर लावल्यावर वरचा चिकट कागद सोलताना तो बोर्डापासून उचलू नकोस, मागे दुमडून अगदी सपाट ओढ, टिंब जागेवर राहतं.

छपाईताई, नाशिक

माझ्याकडे इको सॉल्व्हंट (सॉल्व्हंटच्या शाईचं प्रिंटिंग) मशीन आहे, म्हणून प्रिंटबद्दल एकच. रत्नागिरीहून आलेला रोल घट्ट गुंडाळलेला असेल तर सैल करून 24 तास उघडा ठेवा, मगच लॅमिनेट करा. शाईतलं सॉल्व्हंट आत अडकलं की कडा वळतात.

आणि मजकूर गिऱ्हाइकाकडून लेखी मंजूर करून घ्या. मी एकदा फोनवर ऐकून मोबाइल नंबर टाकला, एक आकडा चुकला आणि 10 बाय 4 चा फ्लेक्स दोनदा छापावा लागला. आता डिझाइन पाठवून नंबर मीच एकेक आकडा वाचून दाखवते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ आल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. निम्मे पैसेही त्याच वेळी घेते.

नवा_प्लॉटर, लांजा

तिसऱ्या गिऱ्हाइकाकडे उद्या सकाळी स्वतः जातो. पत्रा उतरवून आणतो आणि वेल्ड केलेली अक्षरं आठवड्याने लावतो. लावल्यावर फोटो इथे टाकेन.