संघटनेची वर्गणी भरावी का? संस्थेने तारीख न घालता राजीनामा लिहून घेतलाय

नवी_शिक्षिका_सोलापूर:

नमस्कार. पवित्र पोर्टलमधून (शासनाचं शिक्षक भरतीचं पोर्टल) मुलाखतीसह भरतीत एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले, म्हणजे पहिली तीन वर्षं ठराविक मानधनावर. विषय गणित-विज्ञान, मानधन १८ हजार. गावापासून लांब, खोली घेऊन राहते.

हजर झाले त्या दिवशी संस्थेच्या ऑफिसात चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या. त्यात एक टाइप केलेला राजीनामा होता. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलेलं आणि तारखेची जागा मोकळी. मी विचारलं तर क्लार्क म्हणाले, सगळ्यांचाच घेतो, काळजी करू नका मॅडम. वडील बरोबर होते, नोकरी इतक्या वर्षांनी हाताशी आलेली, मी सही केली. त्याची प्रत माझ्याकडे नाही.

आता संघटनेचे दोन सर मधल्या सुट्टीत पावती पुस्तक घेऊन आले होते. स्टाफरूममध्ये निम्म्यांनी पावती फाडली, निम्मे म्हणाले की यांना आपण मोर्च्याच्या वेळीच आठवतो. एका मॅडमनी हळूच सांगितलं की शिक्षणसेवकाने संघटनेच्या भानगडीत पडू नये, कायम झाल्यावर बघ.

संघटना नेमकं काय करते? आणि त्या राजीनाम्याचं काय करू? कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा.

टप्पा_अनुदान_वाला:

मी दोन्ही केलंय, वर्गणी भरलीय आणि आझाद मैदानात पावसात बसलोयही. आमची शाळा अजून टप्पा अनुदानावरच आहे, म्हणजे सरकारी अनुदान पूर्ण नाही, टप्प्याटप्प्याने मिळतं. माझं स्पष्ट मत सांगतो. एका तालुक्यात चार संघटना, चौघांची चार निवेदनं, चौघांचे चार फोटो. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, त्यांची निवडणूक जवळ आली की सगळे शाळेत येतात आणि नाव नोंदवून घेतात. नंतर आमचा पगाराचा प्रश्न कुठे असतो? नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालेले आमचे सहकारी जुन्या पेन्शनसाठी अजून कोर्टात फिरताहेत. वर्गणी भरू नका असं म्हणत नाही. पण कोणाच्या हातात भरताय, त्याने गेल्या वर्षी तालुक्यात कोणाचं काय काम केलं, हे विचारून मग भरा.

निवृत्त_बाई_सांगली:

मॅडम, वर्गणीचं नंतर बघू, आधी त्या कागदाचं.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा, ज्याला आपण सगळे एमईपीएस म्हणतो, तो १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. कलम ७ मध्ये राजीनामा कसा द्यायचा ते लिहिलेलं आहे. दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेकडे पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. तुम्ही काहीच पोस्टात टाकलेलं नाही, तुमच्याकडे प्रत नाही, तारीख तुमच्या हाताची नाही. असा राजीनामा पुढे करणं संस्थेला जड जातं. मात्र तेव्हा भांडावं लागतं, आणि खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या एकट्या मुलीने संस्थेशी भांडणं किती अवघड असतं ते मी पाहिलेलं आहे. संघटना लागते ती इथे.

मी आमच्या तालुक्यात माध्यमिक शिक्षकांच्या संघटनेची कार्यवाह होते. लोकांना वाटतं कार्यवाह म्हणजे भाषणं. माझं बहुतेक आयुष्य शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या आवक-जावकच्या टेबलासमोर गेलं. कोणाची वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी) अडकलेली, कोणाची शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीची आयडी नाही म्हणून पगार नाही, कोणाचा वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव ‘त्रुटी’ लिहून परत आलेला आणि त्रुटी कोणती ते मात्र लिहिलेलं नाही. मी एकच गोष्ट सगळ्यांना शिकवली: अर्ज दिला तर पोच घ्या, पोचेवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. तोंडी ‘बघतो मॅडम’ याला काही अर्थ नसतो.

एक प्रकरण सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. आमच्या तालुक्यातल्या एका चित्रकलेच्या सरांना संस्थेने निलंबित केलं. आरोप काय, तर विनापरवानगी गैरहजेरी. दिवाळीच्या सुट्टीत रजिस्टरचं पाकीट आलं. सर ते न फोडताच माझ्या घरी घेऊन आले, हात थरथरत होते. पाकिटात चौकशी समिती नेमल्याचं पत्र होतं. आता त्या १९८१ च्या नियमावलीतला नियम ३६ बघा. शिक्षकाच्या चौकशीला तीन माणसं असतात: एक संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांमधून घेतलेला, आणि एक त्या शिक्षकाने स्वतः सुचवलेला. हा तिसरा कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी चालतो. नाव कळवायला १५ दिवस मिळतात. कळवलं नाही तर उरलेल्या दोघांची समिती चौकशी करते आणि आपल्या बाजूचं तिथे कोणी नसतं. सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बहुतेकांना नसतं.

शेजारच्या तालुक्यातले एक उपमुख्याध्यापक आमच्याकडे अशा कामाला तयार असायचे. त्यांचं नाव दुसऱ्याच दिवशी पाठवलं. ते प्रत्येक बैठकीला गेले, स्वतःच्या रजा टाकून. साक्ष झाली की म्हणायचे, जबाब वाचून दाखवा, सह्या होऊ द्या, आणि प्रत आताच द्या. उद्या देतो म्हटलं तर खुर्चीवरून उठायचे नाहीत. तिसऱ्या का चौथ्या बैठकीत त्यांनी हजेरीपटाबरोबर रजेच्या अर्जांची फाईलही मागितली. आरोपात ज्या दिवसांची गैरहजेरी लावली होती, त्या दिवसांचा अर्ज त्याच फाईलमध्ये मुख्याध्यापकांच्या सहीनिशी मंजूर होऊन पडलेला होता. सर रुजू झाले आणि निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरला गेला.

मधल्या काळात सरांच्या घरात अर्धा पगार येत होता. त्यांच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. आम्ही शाळाशाळांतून पाकीट फिरवलं. पाकिटावर कोणी किती दिले ते लिहायचं नाही, हा आमचा नियम होता. पतसंस्थेचा हप्ता पुढे ढकलून घेतला. हे कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही, पण माणूस घरात उभा राहतो तो यानेच.

आता मोर्च्याचं. चित्रकलेच्या सरांच्या शाळेतून पुढे कधीही धरणं आंदोलनाला माणसं बोलवावी लागली नाहीत, निरोप गेला की यायची. ज्या शाळेत आम्ही कोणाच्या कामाला गेलो नव्हतो, तिथे कितीही पत्रकं वाटली तरी दोन माणसं यायची, तीही तोंडदेखली. टप्पा अनुदानवाले सर म्हणतात ते म्हणून मला पटतं. ज्या पदाधिकाऱ्याला शिक्षक फक्त गर्दीसाठी हवे असतात, त्याला गर्दीही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, बायकांबद्दल. ‘शिक्षिका येत नाहीत’ ही तक्रार मी प्रत्येक बैठकीत ऐकली. अहो, येतील कशा? अधिवेशनाच्या वेळी नागपूरला मोर्चा. आमच्याकडून महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस जातो. उतरायचं कुठे, स्वच्छतागृह कुठे, परत कधी, घरी सासूबाईंना काय सांगायचं, हे कोणी बोलतच नव्हतं. आम्ही तिघींनी ते काम अंगावर घेतलं. नागपुरातल्या शिक्षिकांच्या घरी उतरायची सोय केली, डब्यात एकत्र जागा घेतल्या, प्रत्येकीच्या घरी एक फोन मी स्वतः केला. तालुक्याचं धरणं आंदोलन शनिवारी दुपारी ठेवायला लावलं, कारण शनिवारी सकाळची शाळा असते, रजा मागायचा प्रश्न येत नाही. त्या वर्षी आमच्या तालुक्यातून पुरुषांपेक्षा बायका जास्त आल्या होत्या. जिल्ह्याच्या अध्यक्षांनी तोपर्यंत कार्यकारिणीत एकही बाई घेतली नव्हती. पुढच्या निवडीत दोन घ्याव्या लागल्या.

खान्देशी_गुरुजी:

बाईंनी माध्यमिकचं सांगितलं, मी जिल्हा परिषदेच्या शाळेचं सांगतो. आम्हाला संस्थाचालक नाही, पण बदली आहे, संच मान्यता (पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरणं) आहे, आणि रोज एक नवीन माहितीची लिंक आहे. आम्हा प्राथमिकवाल्यांना शिक्षक मतदारसंघात मतही नाही. तेव्हा आमची ताकद म्हणजे आम्ही किती जण एकत्र उभे राहतो तेवढीच.

मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप मी जवळून पाहिला. १४ तारखेला सुरू झाला, २० तारखेला मागे घेतला. दहावीची परीक्षा चालू होती. गावात लोक विचारायचे, गुरुजी, पोरांचं काय? आमच्या तालुक्यात म्हणून ठरलं की ज्या केंद्रावर पेपर आहे तिथलं पर्यवेक्षण सोडायचं नाही. माध्यमिकचे सहकारी पेपर संपवून दुपारी मंडपात यायचे. तहसीलसमोर तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य सेविका, आम्ही, सगळे एकाच ताडपत्रीवर. २००५ नंतर लागलेली पोरं पुढे आणि माझ्यासारखे जुन्या पेन्शनचे मागे. मला स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हतं. पण १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप माझ्या वडिलांच्या पिढीने केला, त्यातून पुढे केंद्राप्रमाणे महागाई भत्ता आला आणि तो मी सगळी नोकरी खाल्ला. मग मी घरी कसा बसणार?

संप मागे घेतला त्या संध्याकाळी मंडपात फार कडवट बोलणं झालं. सरकारने समिती नेमली, एवढ्यावर उठायचं का, म्हणून पोरं रडली. आमच्या तालुकाध्यक्षांनी एक चांगलं केलं, ते पळाले नाहीत. रात्री उशिरापर्यंत बसून प्रत्येकाचं ऐकून घेतलं, शिव्यासुद्धा. पुढे मार्च २०२४ मध्ये सरकारने सुधारित योजना जाहीर केली. ती पुरेशी आहे असं मी मानत नाही, पण ताडपत्रीवर बसलो नसतो तर तेवढीही आली नसती.

आणि सध्याचं सांगतो. १ सप्टेंबर २०२५ ला टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं आहे. पंचवीस-तीस वर्षं शिकवलेली माणसं हादरली. निवेदनं, मोर्चे चालू आहेतच, पण आमच्या तालुक्यात रविवारचे अभ्यासवर्गही सुरू झाले. शिकवतात कोण? पवित्रमधून आलेली तुमच्यासारखी तरुण मंडळी. बालमानसशास्त्र आणि गणित. ज्यांना कालपर्यंत ‘नवीन पोरं’ म्हणायचो, त्यांच्यासमोर आमचे मुख्याध्यापक वही घेऊन बसतात.

नवी_शिक्षिका_सोलापूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचं वाचून रडू आलं खरं. मला एवढंच सांगा, मी आता तक्रार केली तर शिक्षणसेवक काळातच मला काढतील का? तीन वर्षांतलं अजून एकही पूर्ण झालेलं नाही.

निवृत्त_बाई_सांगली:

खोटा दिलासा देणार नाही. परिवीक्षा काळात, म्हणजे कायम होण्याआधी, काम किंवा वर्तन समाधानकारक नाही असं म्हणून एक महिन्याची नोटीस देऊन काढण्याची तरतूद कायद्यात आहे. पण त्यासाठी कामाचं मूल्यमापन करून नोंद ठेवायची असते, हेही नियमातच आहे. त्यामुळे तुमची नोंद तुम्ही आधी तयार करा. टाचण वही (पाठाची तयारी लिहायची वही) दर आठवड्याला मुख्याध्यापकांकडे सहीसाठी न चुकता द्या, सहीखाली तारीख घालून घ्या आणि त्या पानांचे फोटो काढून ठेवा. घटक चाचण्यांचे निकाल, विज्ञान प्रदर्शनाचं पत्र, नियुक्ती आदेश, हजर अहवाल, वैयक्तिक मान्यतेचा आदेश, सगळ्याच्या प्रती शाळेच्या कपाटात नको, माहेरी ठेवा. समजा सेवासमाप्तीचं पत्र आलंच, तर शाळा न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात. पत्र कोणत्या तारखेला मिळालं ते पाकिटासकट जपायचं.

राजीनाम्याबद्दल स्वतःच्या नावाने लगेच तक्रार करू नका. त्याला दुसरी वाट आहे. क्लार्क स्वतःच म्हणाले ना, सगळ्यांचा घेतो? मग तो तुमचा एकटीचा प्रश्न राहिलाच नाही. जिल्हा संघटनेने शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन द्यावं की जिल्ह्यातल्या काही संस्था हजर होताना तारीख नसलेले राजीनामे घेतात, तसं घेऊ नये आणि घेतलेले परत करावेत असं पत्र सर्व शाळांना काढावं. त्यात कोणाचंही नाव नसतं, शाळेचंही नाही. आम्ही आमच्या जिल्ह्यात असंच केलं होतं. पत्र निघाल्यावर एका संस्थेने गुपचूप कागद परत दिले, दुसरीने दिले नाहीत, पण नंतर नवीन माणसाकडून घेणं बंद केलं. शिवाय वकिलाला दाखवून तुमच्या बाजूचं एक पत्र आताच लिहून ठेवा. ते कधी पाठवायचं ते संघटनेच्या माणसांशी बोलून ठरवा.

आणि संपात उतरा असं तुम्हाला आज कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. शनिवारी दुपारच्या बैठकीला मात्र जा. त्या दोन सरांना आधी विचारा की तालुक्यात चौकशीला बसणारा आपला माणूस कोण आहे आणि गेल्या वर्षी न्यायाधिकरणात कोणाचं अपील चालवलं. नावं सांगता आली तर पावती फाडा, पावतीवर स्वतःचं नाव आणि तारीख नीट घालून घ्या. सांगता आली नाहीत तर दुसऱ्या संघटनेच्या लोकांना विचारा. तालुका कोणता ते मला निरोपातून कळवा, शाळेचं नाव नको. तिकडच्या दोन जुन्या कार्यवाहांचा नंबर माझ्याकडे आहे, आज संध्याकाळीच बोलून ठेवते.