स्लीप लॅब: आधी कोर्स की थेट रातपाळी?

निशाचर
भाचा यंदा बी.एस्सी. झाला, त्याला झोपेच्या लॅबमध्ये (पेशंटला तारा लावून रात्रभर त्याची झोप आणि श्वास मोजतात तिथे) शिरायचंय. एका सेंटरने सांगितलंय, 'उद्यापासून ये. मशीन कंपनीचा माणूस दोन आठवडे शिकवेल, महिन्याभरात तू एकटा रात्र सांभाळशील.' मी अकरा वर्षं हेच काम करतोय आणि मी त्याला 'नको' म्हणालो. आधी नीट कोर्स कर. घरात यावरून वाजलंय. (बहिणीचं म्हणणं, तू तरी कुठे कोर्स केला होतास? बरोबर आहे, नव्हता केला.)

दोन आठवड्यांत वायरी लावता येतात, रात्र वाचता येत नाही. रेकॉर्ड 30-30 सेकंदांच्या पानांत वाचतात. आठ तासांची 960 पानं. प्रत्येक पानावर ठरवायचं: जागा, की झोपेचा कुठला टप्पा: एन1, एन2, एन3 (हलकी ते गाढ) की रेम (स्वप्नांची झोप). श्वास कुठे अडला, किती सेकंद, छातीचा पट्टा हलत होता का. शेवटी तासाला किती वेळा अडथळा, तो आकडा निघतो. 14 आला तर 'सौम्य', 16 आला तर 'मध्यम'. या दोनाच्या फरकावर माणसाने सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घ्यायचं की नाही ते ठरतं.

पद्मा_सांगली
निशाचर, मोठ्या शहरात बसून हे सोपं आहे. आमच्याकडे आठवड्यातून दोनच रात्री टेस्ट होते. कोर्सवाल्याची वाट बघत बसलो तर टेस्टच होणार नाही.

आणि पुस्तकातलं डोकं आणि खरं डोकं यात फरक असतो हो. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, 10-20 पद्धतीने (अंतराच्या 10 आणि 20 टक्क्यांवर) खुणा करायच्या, हे वाचायला पाच मिनिटं. पण आजी खोबरेल चोपडून, अंबाडा घालून येतात! घासून घासून जेल लावा, इम्पिडन्स (तार आणि कातडी यांमधला विजेचा अडथळा) 5 किलोओहमच्या खाली येता येत नाही. आम्ही आता फोनवरच सांगतो, न्हाऊन या, तेल नको. तरी कानामागे लावतातच. मी तयार केलेला सगळ्यात चांगला मुलगा आधी ईसीजी काढायचा. हात बसलेला होता त्याचा.

कोरी_पाटी
दोघेही बुडत्या जहाजावर भांडताय. घरी बोटाला आणि नाकाला लावायची टेस्ट आली, स्कोअरिंग (पानं वाचून आकडा काढणं) सॉफ्टवेअर करतं. रात्रभर जागून बघायला माणूस कशाला?

निशाचर
@कोरी_पाटी, घरच्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा मेंदूच्या तारा नसतात. माणूस दोन तास जागा पडून होता, तेही तासांत धरलं जातं. भागाकार मोठ्या आकड्याने झाला की उत्तर लहान येतं. घोरणारा, जाडजूड, दिवसा पेंगणारा पेशंट असेल तर ती टेस्ट पुरते, मान्य. झोपेत हातपाय झाडणाऱ्याला नाही पुरत.

@पद्माताई, हात हवाच. पण ऐका. एका ठिकाणी (नाव नको) नवा मुलगा एकटा होता. पेशंटला सीपॅपचा दाब ठरवायचा होता. 4 पासून (सेंटिमीटर पाणी, हे दाबाचं माप) सुरू करून, किमान पाच-पाच मिनिटं बघत, एकेक वाढवायचा. अडथळे थांबेनात म्हणून हा वाढवत गेला. पहाटे 14 वर. रिपोर्टात 14. पेशंटने मशीन घेतलं आणि आठवड्यात कपाटात टाकलं, म्हणे तोंडावर पंखा मारल्यासारखं होतं. पुन्हा टेस्ट माझ्याकडे आली. काकांनी झोपताना कवळी काढून वाटीत ठेवली आणि गाल आत गेले. मास्क कवळी असताना मापला होता! हवा बाजूने निसटत होती. दुसरा मास्क लावला, 8 वर शांत झोपले.

पद्मा_सांगली
मग ही गोष्ट माझ्याच बाजूची झाली की. कवळीचा धडा कुठल्या कोर्सात असतो? तो मुलगा कच्चा होता हा त्याचा दोष नाही, त्याला एकटा सोडला हा दोष. आरपीएसजीटीची (स्लीप टेक्नॉलॉजिस्टची) अमेरिकन परीक्षासुद्धा बहुतेक मार्गांत आधी अनुभव मागते. म्हणजे रात्री काढल्याशिवाय कोर्सवाल्यालाही गती नाही.

निशाचर
हं. एकटा सोडण्याबद्दल तुमचं पटलं. पण कागदही लागणार आहे, हे मुलांना सांगा. 2021 च्या केंद्रीय कायद्यात संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्ट नावानिशी आहे. उद्या नोंदणी मागितली तर 'कंपनीच्या माणसाने शिकवलं' चालणार नाही.

कोरी_पाटी
आणि रातपाळीचं काय? दुसऱ्यांची झोप मोजणारे स्वतः कधी झोपतात?

निशाचर
दुपारी, पडदे लावून. कुकरच्या शिट्ट्यांत. त्यावर वेगळा धागा काढा, खूप बोलेन.

भाच्याला आज सेंटरला फोन करायला लावला. दोनच प्रश्न: रात्री शेजारच्या खुर्चीवर कोण असेल आणि मी केलेलं स्कोअरिंग परत कोण तपासेल? उत्तर आलं, 'काही लागलं तर फोन कर, आम्ही आहोतच.'

पद्मा_सांगली
मग तिथे नका पाठवू. आमच्याकडे पाठवा, शेजारी मी असते. पगार कमी आहे, आणि फक्त मंगळवार-शुक्रवार. बाकीचे दिवस त्याने बसून कोर्स करावा.