नवीन डिस्क टाकूनही ब्रेक थरथरतो: दोष मालाचा की बसवणाऱ्याचा?

जांभा_रत्नागिरी
पावसाळ्याआधी पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क आणि त्यांना दाबणारे पॅड बदलले. गाडी दहा वर्षं जुनी हॅचबॅक, मागे ड्रम ब्रेक. बदलल्यावर ब्रेक एकदम झकास होते. गणपतीनंतर मात्र, म्हणजे पाचेक हजार किलोमीटरनंतर, हायवेला ८० वरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि पेडल पायाखाली धडधडतं. ब्रेक न दाबता १०० लाही गाडी शांत. गॅरेजवाला म्हणतो, "डिस्क वाकली, हल्ली मालच असा येतो, दुसरी टाका." माझंही मत तेच. कंपनीचा ओरिजिनल भाग सोडून बाजारातला घेतला की हे होणारच. कुणाला पटत नसेल तर सांगा.

लेथवाले_मामा
दुसरी कशाला टाकता? काढा, लेथवर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर कातून घ्या, विषय संपला. नव्या डिस्कच्या तुलनेत खर्च किरकोळ.

सुटा_नट
दोघांशीही असहमत. डिस्क कास्ट आयर्नची असते, रोजच्या वापरात ती पत्र्यासारखी वाकत नाही. आणि माल मुळातच वाकडा असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुमचा त्रास पाच हजार किलोमीटरनंतर सुरू झाला, सगळी मेख तिथेच आहे.

होतं असं: जुनी डिस्क काढली की खाली हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागाच्या, तोंडावर गंजाचे पापुद्रे असतात, कोकणात तर हमखास. त्यांवरच नवी डिस्क चढवली की ती किंचित तिरकी बसते. हबवर ०.०५ मिमीचा पापुद्रा डिस्कच्या कडेला जवळजवळ दुप्पट दिसतो. आता पाय ब्रेकवर नसतानाही प्रत्येक फेरीत डिस्कचा तोच भाग पॅडला घासून जातो, हळूहळू तिथे झिजतो, आणि जाडी कमी-जास्त होते. जाडीत ०.०२ मिमीचा फरक, म्हणजे केसापेक्षाही बारीक, तरी पायाला कळतो. पेडल धडधडतं ते या जाडीमुळे. नुसत्या तिरकेपणाने नाही, कारण पॅड धरणारा कॅलिपर पिनांवर सरकून तेवढं सांभाळून घेतो.

घाट_उतरणारा
एवढं सोपं नाही. रत्नागिरीचे आहात, आंबा घाट उतरता ना? न्यूट्रल नाहीतर चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं आणि खाली आल्यावर तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून चहाला उभं राहायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. त्या जागी पॅडचा मसाला डिस्कवर चिकटतो. मग प्रत्येक फेरीत तिथे पकड वेगळी. हब चकचकीत असला तरी हे होतं. नवे पॅड रुळवलेच नसतील तर जास्तच.

सुटा_नट
शक्य आहे, नाकारत नाही. पण मग डिस्कवर पॅडच्या आकाराचा काळपट डाग दिसायला हवा. दिसत असेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ६० वरून १५ पर्यंत दमदार ब्रेक लावून पुन्हा वेग घ्यायचा, असं सात-आठ वेळा, मध्ये कुठेही पूर्ण न थांबता. डाग ताजा असेल तर बऱ्याचदा निघतो.

निळी_व्हॅन
एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, तर नाही ना?

घाट_उतरणारा
८० वर हलका ब्रेक दाबल्यावर एबीएस कशाला येईल? सेन्सर बिघडला तर पेडल गाडी थांबता थांबता गुरगुरतं, हायवेच्या वेगाला नव्हे. मागचे ड्रम मात्र तपासा. ते अंडाकृती झाले तर सीट हलते, स्टिअरिंग नाही. रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरून, अलगद ओढून बघा.

जांभा_रत्नागिरी
हँडब्रेकने काही हलत नाही. चाक काढून बघितलं, काळा डाग नाही. डिस्क काढली तर हबवर स्टडांभोवती (चाकाचे नट ज्यांवर आवळतात ते बोल्ट) गंजाचं कडं, जसंच्या तसं. गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणे, "हब घासायचे पैसे कोण देतं?" तरी माझी शंका कायम आहे. गंज आहे म्हणून डिस्क निर्दोष कशावरून?

सुटा_नट
रास्त प्रश्न. मोजूनच ठरवा. टूल्सच्या दुकानात चुंबकाच्या स्टँडसकट डायल गेज, म्हणजे बारीक चढउतार मोजणारं मापक, मिळतं. डिस्क वॉशर घालून नटांनी आवळा, कडेपासून सेंटिमीटरभर आत गेजची सुई टेकवा, हाताने एक फेरी फिरवा. ०.१ मिमीच्या वर गेलं तर गडबड. सगळ्यात उंच जागेवर डिस्कला आणि समोरच्या स्टडला खडूने खूण करा. आता डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंचवटा डिस्कच्या खुणेबरोबर सरकला तर तुमचं खरं, माल खराब. स्टडच्या खुणेपाशीच राहिला तर दोष हबचा.

लेथवाले_मामा
मोजा, खुशाल मोजा. पण एक सांगा, जाडी कमी-जास्त झालीये हे तुम्हीच म्हणालात. हब घासून ती भरून येणार आहे का? शेवटी माझ्याकडेच यावं लागणार.

सुटा_नट
हे बरोबर, मामा. फक्त क्रम उलटा नको. हब न घासता लेथ मारला तर सरळ केलेली डिस्क पुन्हा तिरकीच बसेल आणि पाच हजार किलोमीटरनंतर हेच रडगाणं. आणि अर्धा मिलिमीटर कशाला? ०.१ पुरेल. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचूनच हत्यार लावा. चाक बसवताना गनने फाडफाड आवळू देऊ नका. नट समोरासमोरचे, ठरावीक जोरालाच आवळणाऱ्या टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. कॅलिपरच्या स्लाइड पिना मोकळ्या सरकतात का तेही आताच बघून घ्या.

लेथवाले_मामा
चालेल, ०.१ घेतो. हब घासून झाला की दोन्ही डिस्क घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं.