बाबांचा नकार हा त्यांचा निर्णय मानावा की त्यांची भीती?

प्रश्न : मानेवाड्याची लेक, नागपूर

माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत आणि त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला आहे. डाव्या गालाच्या आतली जखम भरून येईना म्हणून मागच्या महिन्यात तिचा तुकडा तपासला, तेव्हा कर्करोगाचे निदान झाले. गाठ तीन सेंटीमीटरच्या आत आहे, मानेत गाठी लागलेल्या नाहीत आणि डॉक्टरांनी लवकर शस्त्रक्रिया करण्याचा, त्याच वेळी मानेतल्या लसिकाग्रंथीही (रोग पुढे जिथे पसरू शकतो त्या) काढण्याचा सल्ला दिला आहे. बाबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, घरी आल्यावर रिपोर्टची घडी घातली, तिला रबर लावले आणि देव्हाऱ्यातल्या गजानन महाराजांच्या तसबिरीमागे सरकवून दिली. तेव्हापासून ते एवढेच म्हणतात, ‘मले तोंड कापून नाही घ्यायचं. जसा आलो तसा जाईन. अन् मान चांगली हाय तं मानेले हात कायले लावता?’

२०११ साली आमच्या मोठ्या बाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, जिभेचा कर्करोग झाला होता, तो बराच पसरल्यावर कळला आणि शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांत ते गेले. चाकू लागला की हा रोग पसरतो, असे आमच्या घरात तेव्हापासून धरून चालले आहेत. आई एका वैद्याकडे न्यायचे म्हणते. माझ्या भावाचे म्हणणे असे, की बाबांना ‘लहानसे ऑपरेशन आहे’ एवढेच सांगावे आणि फॉर्मवर सही त्याने करावी. बाबांचा नकार पूर्ण विचाराअंती आलेला मानून आम्ही गप्प बसावे, की ही भीती बोलते आहे असे समजून पुढे जावे, हे मला कळत नाही. आणि घाई करणारे आम्हीही घाबरलेलेच आहोत, त्याचे काय करावे?

प्रतिसाद : समाजसेविका

मी कर्करोग विभागात नऊ वर्षे समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केले आहे. निर्णय एकीकडे आणि भीती दुसरीकडे अशी विभागणी मला तरी कधी करता आलेली नाही, आणि अशी विभागणी करून रुग्णाशी बोलायला गेले की तो बोलणेच बंद करतो, हा माझा अनुभव आहे. भावनेचा परिणाम डॉक्टरांवरही होतो. १९८२ साली अमेरिकेत बार्बरा मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना विचारले होते, की फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया घ्याल की रेडिएशन. काहींना सांगितले, की शस्त्रक्रियेतून १०० पैकी ९० जण सुखरूप बाहेर येतात; काहींना सांगितले, की १०० पैकी १० जण त्यात दगावतात. आकडा एकच असूनही ‘दगावतात’ हा शब्द ऐकलेल्यांपैकी कितीतरी अधिक लोकांनी शस्त्रक्रिया नाकारली, आणि त्यात डॉक्टरही होते. तुमच्या घरात तर तेरा-चौदा वर्षे फक्त दगावण्याचीच गोष्ट सांगितली गेली आहे.

म्हणून ‘घाबरू नका’ असे न म्हणता, नेमके कशाला घाबरता ते त्यांना विचारावे. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार किमोथेरपी नाकारत होते आणि घरचे समजत होते, की ते मरणाला भ्यायले आहेत. चौथ्या भेटीत त्यांनी सांगितले, की केस गेले तर गावाला कळेल आणि मुलीचे जमत आलेले लग्न मोडेल. मग लग्नाची तारीख आणि उपचाराचे वेळापत्रक एकाच कागदावर मांडून आम्ही बोललो. जी भीती आम्ही तीन भेटी समजावत होतो, ती त्यांना नव्हतीच.

भावाच्या सहीबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे, की रुग्ण सज्ञान असेल, संमती देण्याच्या स्थितीत असेल आणि जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल, तर त्याच्या जागी नातेवाइकाची संमती चालत नाही. तिथे तर रुग्णाच्या आईने संमती दिली होती. कायदा बाजूला ठेवला, तरी शुद्धीवर आल्यावर आरशात गाल पाहणारा माणूस पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवील का, याचा विचार व्हावा. पुढे रेडिएशन लागले, तर त्या विश्वासाची गरज रोज पडेल.

प्रतिसाद : धरमपेठेतील वाचक

भीती दर वेळी नकारच द्यायला लावते असे नाही. मला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा तिने मला उलट्या दिशेला ढकलले होते. गाठ लहान होती, डॉक्टर गाठ काढून रेडिएशन देऊ म्हणत होते आणि मी हट्ट धरून बसले होते, की दोन्ही स्तन काढून टाका, मुळासकट काढा. भेटायला येणारी प्रत्येक बाई कोणाची तरी गोष्ट सांगून जात असे आणि त्या रात्री माझा हट्ट आणखी पक्का होत असे.

डॉक्टरांनी मला वेड्यात काढले नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी स्त्रियांच्या दोन गटांचा वीस वर्षे मागोवा घेतला, २००२ साली दोघांचेही निष्कर्ष आले, आणि पूर्ण स्तन काढलेल्या व फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. मग म्हणाले, ‘आठ दिवस घ्या, आठ दिवसांनी रोग बदलत नाही, पण तुमचे मन बदलू शकेल.’ पाचव्या दिवशी मी गाठ काढण्याला होकार दिला. मॅमोग्राफीच्या आदल्या रात्री आजही मला झोप लागत नाही आणि दोन्ही काढले असते तर बरे झाले असते, असे त्या रात्री वाटतेच. मात्र ते आठ दिवस मला मिळाले, याचे मला मोल आहे. तुमच्या बाबांनाही थोडे दिवस द्या, पण तारीख ठरवून द्या. मोकळे सोडले तर त्या दिवसांचे महिने होतात.

प्रतिसाद : दंतवैद्य, सदर

‘मान चांगली आहे तर हात कशाला’ हा बाबांचा प्रश्न केवळ भीतीतून आलेला नाही. शल्यचिकित्सकांमध्येही त्यावर वर्षानुवर्षे वाद होता आणि त्याचे उत्तर मुंबईच्या टाटा रुग्णालयातून २०१५ साली आले. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या आणि मानेत गाठ न लागलेल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, मानेतल्या लसिकाग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसल्यावर मग काढू म्हणून थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होते. हे त्यांना शब्दशः सांगावे. खर्रा खाणारा माणूस अडाणी असतो असे गृहीत धरून आपण त्याला आकडे सांगत नाही, ही आपली मोठी चूक आहे.

मोठ्या बाबांशी केलेली तुलना मात्र सोडवावी लागेल. पसरलेला जिभेचा कर्करोग आणि तीन सेंटीमीटरच्या आतला गालाचा, यांचा पुढचा मार्ग सारखा नसतो. रोग चाकूने पसरला नव्हता, तो चाकूपर्यंत उशिरा पोहोचला होता. आईंना वैद्याकडे जाण्यावरून दुखवू नका, त्यांना काहीतरी करायचे आहे. पण बरा होण्याजोगा कर्करोग असताना केवळ पर्यायी उपचार घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळल्याचे २०१८ साली अमेरिकेतील अभ्यासात दिसले आहे. त्यांना पथ्याचे, जेवणाचे काम द्या, शस्त्रक्रियेआधी वजन टिकवणे खरोखरच गरजेचे असते.

उत्तर : मानेवाड्याची लेक

आपण सांगितले तसे मी विचारले. रात्री गच्चीवर पाणी भरताना विचारले, कारण समोरासमोर बसवले की बाबा उठून जातात. बराच वेळ ते पाइप धरून उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘दादाले पाणी मांगता येत नव्हतं. पाटीवर लिहून मांगे. शेवटी शेवटी त ‘पा’ लिहून पेन्सिल खाली ठेवे.’ ही पाटी माझीच होती, पहिलीतली. ती कुठे गेली, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

बुधवारी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि बाबांनी स्वतः विचारले, की मला पाणी मागता येईल का. डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर गाल, जबडा आणि जीभ काढून दाखवली, जीभ तशीच राहणार आहे, बोलणे थोडे बदलेल, मांडीचे मांस लावून गाल शिवतील आणि नाकातली नळी काही दिवसांसाठी असेल, असे सांगितले. बाबांनी तो कागद मागून घेतला. रिपोर्ट तसबिरीमागून निघून त्या कागदासोबत पिशवीत आला आहे. होकार त्यांनी अजून दिलेला नाही. सोमवारपर्यंत सांगतो म्हणाले आहेत. माझ्या भावाने सहीचा फॉर्म कोराच त्यांच्या उशाशी ठेवला आहे.

आज सकाळी त्यांनी आईला विचारले, की ज्वारीची आंबील नळीतून जाते का. कोणी दिली असल्यास किती पातळ करावी लागते आणि गाळून घ्यावी का, ते कृपया लिहावे.