नोकिया गेलीच, मग बोखुमच्या कामगारांनी लढून काय मिळवलं?

सडेतोड
कारखाना परदेशी नेऊ नका म्हणून केलेली आंदोलनं वाया जातात, असं सर्रास ऐकू येतं. मला पटत नाही. १५ जानेवारी २००८ ला नोकियाने जर्मनीतल्या बोखुमचा हँडसेटचा कारखाना बंद करून काम रुमानियात, क्लुजजवळ नेणार असं जाहीर केलं. २,३०० नोकऱ्या. बरं, कंपनी तोट्यात होती म्हणावं, तर २००७ चा निव्वळ नफा ७.२ अब्ज युरो! वर सरकारी अनुदान लाटून झालेलं. आठवड्याभरात पंधराएक हजार लोक रस्त्यावर उतरले, पुढाऱ्यांनी आपापले नोकिया फोन टाकून दिले (त्या नाटकाचा उपयोग शून्य). कारखाना गेलाच, पण एप्रिलमध्ये २० कोटी युरोंच्या भरपाईवर सही झाली. गप्प बसून एवढं पदरात पडलं असतं?

हिशेबनीस
पडलं असतं. इतक्या लोकांना काढायचं तर जर्मनीत कामगारांनी निवडलेल्या कामगार मंडळाशी भरपाई ठरवावीच लागते, कायदाच आहे. आणि क्लुजच्या माणसाला पोट नाही का? चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला २००६ मध्ये नोकियाचा कारखाना आला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे आलं की विकास, दुसऱ्याकडे गेलं की अन्याय?

सडेतोड
बोलणी कायद्याने होतात. आकडा कायद्यात नसतो, तो दबावाने वाढतो.

लाल_पेन
हिशेबनीस, क्लुजचं पुढे काय झालं तेही सांगा की. सप्टेंबर २०११ मध्ये तोही कारखाना बंद करायची घोषणा झाली, २,२०० जण घरी, काम आशियात. श्रीपेरुंबुदूरही २०१४ ला बंद. स्वस्त मजुरीवर आलेलं काम असं कुठेच मुक्कामाला राहत नाही.

हिशेबनीस
श्रीपेरुंबुदूर यात कोंबू नका. तिथे करवादात मालमत्ता अडकली, म्हणून मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला तेव्हा तो कारखाना सौद्याबाहेर राहिला. आणि २०११ पर्यंत आयफोन-अँड्रॉइडपुढे नोकियाची दमछाक झाली होती. बोखुम तेव्हा वाचलं असतं तरी तीन-चार वर्षांत बंदच पडलं असतं.

मीनाक्षी
तीन-चार वर्षं तुम्हाला कमी वाटतात? पंचावन्नच्या माणसाला विचारा, तो तेवढ्यात निवृत्तीला टेकतो.
मला खटकतं ते अनुदान. त्याला जोडलेली नोकऱ्यांची अट २००६ मध्येच संपलेली. कंपनी निघाल्यावर सरकार पैसे परत मागत बसलं, म्हणजे वरातीमागून घोडं. युनियनने अनुदान मंजूर होतानाच अडून बसायला हवं होतं: नोकऱ्या गेल्या तर पूर्ण रक्कम व्याजासह परत, आणि मुदत किमान पंधरा वर्षं.

हिशेबनीस
अट मान्य. फक्त शेजारचं राज्य बिनअटीचे पैसे घेऊन उभं असेल, तर कंपनी मुळात तुमच्याकडे येईल का?

मीनाक्षी
मग न आलेली बरी.