सिमसिटी (१९८९): खरं प्रतिमान (मॉडेल) की नुसता देखावा?

कौलारू (धागाकर्ता)
सिमसिटी हा विल राइटचा संगणक-खेळ, त्यात खेळणारा महापौर होऊन शहर वसवतो. त्याचा कोड २००८ साली 'मायक्रोपोलिस' नावाने खुला झाला. तो वाचून माझं मत पक्कं झालं: यंत्राची ताकद तोकडी होती, म्हणूनच हे शहर इतकं नेटकं चालतं. नकाशा १२०×१०० चौकोनांचा. पण प्रदूषण, जमिनीचा भाव आणि गुन्हेगारीचे तक्ते ६०×५०, म्हणजे चार चौकोनांना मिळून एकच आकडा. पोलिसांचा वचक तर १५×१३ मध्ये भागवलाय. सगळा नकाशा एका दमात तपासतही नाहीत. आठ भाग पाडून एकेक बघतात.

एवढ्याशा सामानावर धूर वाढला की जमिनीचा भाव पडतो, भाव पडला की गुन्हे वाढतात, गुन्हे हाताबाहेर गेले की भाव आणखी घसरतो. हे दुष्टचक्र कुणी वेगळं लिहिलेलं नाही. दोन सूत्रं एकमेकांना आकडे पुरवतात, त्यातून ते उभं राहतं. अप्रतिम!

तिठा
असहमत. वाहतूक बघा. घरातून निघालेली फेरी रस्त्याला लागते, कुठे वळायचं ते नशिबावर. साधारण ३० पावलांत हवा तो विभाग (दुकानं, कारखाने) सापडला नाही तर फेरी फसली. पडद्यावरच्या गाड्या कुठेच जात नसतात, वर्दळीच्या आकड्यावरून ते चित्र हलतं. याला प्रतिमान म्हणायचं?

कौलारू
हो, म्हणायचं! महापौराला प्रत्येक गाडीचा पत्ता लागत नाही, रस्ता कुठे तुंबतो ते कळायला हवं. तेवढं कळतं.

मीनाक्षी_पुणे
तंत्राबद्दल कौलारूंशी सहमत, पण माझा आक्षेप वेगळाय. गुन्हेगारीचं सूत्र पाहा: १२८ मधून जमिनीचा भाव वजा करा, लोकवस्तीची घनता मिळवा, पोलिसांचा प्रभाव वजा करा. संपलं. म्हणजे स्वस्त आणि दाट वस्ती असली की ती गुन्हेगार! शिक्षण, पगार यांचा त्यात मागमूस नाही. राइटला प्रेरणा मिळाली ती जे फॉरेस्टर या अभ्यासकाच्या शहरी प्रतिमानातून, आणि त्या प्रतिमानावरही गृहीतकांवरूनच टीका झाली होती. मेमरी कमी होती हे खरं, पण काय गाळायचं ते मेमरीने ठरवलं नाही, माणसाने ठरवलं.

कौलारू
ताई, गाळल्याशिवाय कुठलंच प्रतिमान होत नाही. आणि कोड आता खुला आहे, ती ओळ कुणीही बदलावी.

मीनाक्षी_पुणे
आता आहे. आधीची १९ वर्षं खेळणाऱ्यांना ती ओळ दिसतच नव्हती. चौकी बांधली की गुन्हे कमी, एवढंच त्यांना दिसलं.